‘कुंकू’ : ऐना, घड्याळ आणि कायदा

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ साली पडद्यावर आला. त्याची कथा मराठी वाचकाला अपरिचित नव्हती. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आधीच वाचली गेली होती आणि जरठ-कुमारी विवाहाचा विषय तर त्याहून जुना. मामा-मामीच्या आश्रयाला वाढलेली एक पोरकी मुलगी फसवणुकीने एका वयस्क बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. घरात येते, आणि हे लग्न मला मान्य नाही असे सांगून त्याची पत्नी म्हणून राहण्यास नकार देते. कथा एवढीच. तरीही मराठी चित्रपटाच्या इतिहासात या कृतीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याचे कारण कथेपेक्षा मांडणीत अधिक आहे असे मला वाटते. प्रस्तुत लेखात त्या मांडणीकडे, विशेषतः तिच्यातील काही वस्तूंकडे पाहावयाचे आहे. आणि पाहता पाहता एका प्रश्नाशी थांबावयाचे आहे, जो मला पुष्कळ वर्षे सोडीत नाही : शेवटी त्या वकिलाला मरावे का लागले?

‘कुंकू’चा विचार ‘संगीत शारदा’वाचून करता येत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळींनी १८९९ साली प्रथम रंगभूमीवर आणले ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर इंदुरात. इंदूरकरांना याचा रास्त अभिमान आहे. भुजंगनाथ म्हातारा, कांचनभट लोभी, भद्रेश्वर दीक्षित लबाड, आणि मध्ये शारदा. पण देवलांनी शारदेला वाचविले ते ऐन विवाहाच्या वेळी. वधूवर सगोत्र निघतात, लग्न मोडते, आणि पुढे कोदंडाशी तिचे जुळते. म्हणजे ज्या शास्त्राच्या आधाराने तिचा बळी जाणार होता, त्याच शास्त्रातील एक कलम तिच्या मदतीला धावून येते. नाटक म्हणून ते शोभते. परंतु ज्या घरांत गोत्रे जुळत नव्हती, म्हणजे लग्ने बिनतक्रार लागत होती, त्या घरांतील मुलींचे पुढे काय झाले हे ‘शारदा’ सांगत नाही. ‘कुंकू’ नेमका तेथून सुरू होतो. अक्षता पडून गेल्या आहेत, आणि आता वाचवायला कोणी कोदंड यावयाचा नाही.

मध्यंतरीच्या अडतीस वर्षांत कायद्यानेही थोडी वाट चालली होती. हरविलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे वय १४, मुलाचे १८. (आपल्याकडे पुष्कळांनी त्याला ‘शारदा कायदा’च म्हटले. अजमेरच्या सारडांचे आडनाव आणि देवलांची नायिका यांची ही गाठ निव्वळ योगायोगाची, पण मराठी कानाला ती इतकी पटली की आजही काही जुनी माणसे तसेच म्हणतात.) या कायद्याने वधूचे किमान वय ठरविले, वराचे कमाल वय मात्र ठरविले नाही. नीरा बालिका नाही, तिचे लग्न कायद्याच्या चौकटीत अगदी नीट बसते. म्हणूनच तिला दाद मागायला जागा नाही. ज्याच्या घरात ती आली आहे तो वकील आहे, हा तपशील लेखकाने उगीच घातलेला नव्हे.

आता मांडणीकडे वळू.

शांताराम बापूंचा हात १९३७ पर्यंत चांगलाच बसला होता. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ‘प्रभात’ १९३३ च्या सुमारास पुण्याला आली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने शांताराम जर्मनीला जाऊन आले. छायाप्रकाशाचा धीट वापर, वस्तूलाच बोलके करण्याची रीत, चेहऱ्याच्या अगदी निकट जाणारा कॅमेरा हे सारे ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) दिसू लागले होते. राजगुरूचा पडदा व्यापून टाकणारा डोळा अनेकांच्या स्मरणात आहे. पण ते राजे-पुरोहितांचे जग होते आणि तेथे अशा चमत्कृतीला मोकळीक होती. ‘कुंकू’त शांतारामांना वाड्याच्या माजघरात शिरायचे होते. तेथे डोळा पडदाभर करता येत नाही. तेथे आहेत ऐना, घड्याळ, दार, कुंकवाचा करंडा. जे घराघरांत असते त्यातूनच बोलणे भाग होते, आणि या बंधनाचाच त्यांना फायदा झाला.

ऐन्याची गोष्ट प्रथम घेऊ. आपल्या घरांत ऐना आणि कुंकू ही जोडी एकाच पेटीतली. फणी, करंडा, मेणाची डबी, आणि झाकणाला आतून बसविलेला ऐना. बाईने सकाळी उठून पेटी उघडावी, ऐन्यात पाहून मेण लावावे, त्यावर कुंकू रेखावे. ऐना हा बाईचा. ‘कुंकू’त मात्र ऐन्याचे नाते नवऱ्याशी आहे. काकासाहेब केस-मिशा काळ्या करतात, ऐन्यात न्याहाळतात आणि आपण अजून तसे म्हातारे दिसत नाही अशी स्वतःची समजूत घालू पाहतात. ऐना ती समजूत घालू देत नाही. अखेर तो फुटतो, आणि फुटलेल्या प्रत्येक तुकड्यात एकेक म्हातारा त्यांच्याकडे पाहून हसतो. हे दृश्य चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुष्कळ वाखाणले आहे आणि त्यामागची युरोपीय प्रेरणाही दाखवून दिली आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तोपर्यंत काकासाहेबांना नावे ठेवणारे लोक घराबाहेर होते किंवा दाराआड होते. नीरेचे शब्द तर कानावर पडूनही ‘पोरकट हट्ट’ म्हणून बाजूला सारता येत होते. तुकड्यांतले म्हातारे तसे बाजूला सारता येत नाहीत. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस झाल्यावर वकिलाला युक्तिवाद उरत नाही.

हे साधले ते केशवराव दात्यांमुळे. केशवराव मूळचे रंगभूमीचे. ‘अमृतमंथन’च्या मराठी आवृत्तीत राजगुरू त्यांनीच उभा केला होता, म्हणजे भव्य आणि दुष्ट भूमिका करण्याचे बळ त्यांच्यापाशी होते. काकासाहेब त्यांनी तसा केला नाही. भुजंगनाथ हास्यास्पद आहे, त्याला हसून प्रेक्षक मोकळा होतो. काकासाहेब हास्यास्पद नाहीत. ते सुशिक्षित आहेत, बऱ्या स्वभावाचे आहेत, आपण काही वाईट केले असे त्यांना प्रथम वाटतही नाही. अन्याय करणारा माणूस बऱ्यापैकी सज्जन असतो, ही गोष्ट आपल्या सामाजिक नाटकांनी फारशी सांगितली नव्हती. दाते ती चेहऱ्याने सांगतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचविण्याची सवय असलेल्या नटाने कॅमेऱ्यापुढे आवाज इतका खाली आणावा, हे शिक्षण त्यांना कोठे मिळाले असेल? मला वाटते, काही अंशी ‘नाट्यमन्वंतर’मध्ये. १ जुलै १९३३ रोजी या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केले. रंगविलेल्या पडद्यांऐवजी भिंती-दारांची खरी खोली, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, आणि संगीताचा मोजका उपयोग. त्यात केशवराव दाते होते आणि संगीत केशवराव भोळ्यांचे होते. चारच वर्षांनी हे दोन्ही केशवराव ‘कुंकू’त एकत्र आले. मराठी रंगभूमीचे हे नवे वळण नाटकमंडळ्यांच्या पडत्या काळामुळे रंगभूमीवर फार टिकले नाही. त्याचा खरा वारसा काही वर्षे प्रभातच्या स्टुडिओत चालला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

भोळ्यांनी ‘कुंकू’त जे केले ते न वाजविण्याचे काम आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. पडद्यावरच्या जगात जे वाजेल, जे आवाज होतील, तेवढेच ऐकू यावयाचे अशी शिस्त त्यांनी पाळली. गाणी आहेत, पण तीही घरातल्या-रस्त्यावरच्या माणसांची. भिक्षेकऱ्याचे गाणे आहे, नीरेची गाणी आहेत, आणि शांता आपटे यांनी लाँगफेलोची एक इंग्रजी कविता चक्क इंग्रजीतच म्हटली आहे. १९३७ च्या प्रेक्षकाला ते धाडस वाटले असेल. आज मला ते किंचित उपरे वाटते. नीरेच्या तोंडी तिचे मराठी इतके धारदार आहे की तिला लाँगफेलोची उसनवारी करण्याचे कारण नव्हते. ते असो.

संगीत काढून घेतल्याने घर ऐकू येऊ लागते. आणि या घरात सर्वांत जास्त ऐकू येते ते भिंतीवरचे घड्याळ. घड्याळ जुने आहे, मालकाच्या वयाशी त्याचे नाते चित्रपट पुनःपुन्हा जोडतो, आणि मालक जातो तेव्हा तेही थांबते. प्रतीक म्हणून हे काही गूढ नाही. एखाद्या समीक्षकाला ते ढोबळही वाटेल. तथापि पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटात लंबकाची टिकटिक ही नुसती खूण राहत नाही. दोन माणसांमधल्या शांततेचा तो आवाज होतो.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आईची मावशी १९३४ साली सोळाव्या वर्षी बडोद्यात एका बिजवराच्या घरी आली. वयात सव्वीस वर्षांचे अंतर. फसवणूक वगैरे काही नव्हती. सगळे सांगून-सवरून झाले होते, पाठच्या तीन बहिणी होत्या आणि हुंडा नव्हता. पुढे अनेक वर्षांनी, तिच्या सत्तरीत, मी व्हिडिओ कॅसेट आणून तिला ‘कुंकू’ दाखविला. ती पूर्ण वेळ काही बोलली नाही. शांता आपटे यांच्याविषयी काही म्हणेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, “त्यातलं घड्याळ तेवढं खरं होतं, अरे. दुपारी हे कचेरीत गेले की घरात तेवढंच ऐकू यायचं.” तेव्हापासून त्या घड्याळाला ढोबळ म्हणण्याचा धीर मला होत नाही.

दाराविषयी थोडक्यात सांगतो. नीरा नवऱ्याच्या तोंडावर दार लावून घेते. रंगविलेल्या पडद्याच्या नाटकात हे करता येत नव्हते, कारण तेथे दार नव्हतेच. चित्रपटात खोली आहे, उंबरठा आहे, कडी आहे. नीरेच्या नकाराला भाषण लागत नाही, कडी पुरते. येथे रखमाबाईंची आठवण येणे अपरिहार्य आहे. बालपणी लागलेले लग्न मला बंधनकारक नाही, मी नांदायला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १८८४ साली सुरू झालेल्या त्या दाव्यात १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पन्नास वर्षांनंतरची नीरा तोच नकार घराच्या आत देते. रखमाबाईंच्या पाठीशी निदान माहेर होते, सावत्र वडील सखाराम अर्जुन होते. नीरेजवळ कडी आहे.

त्या घरात तिला आधार मिळतो तो काकासाहेबांच्या मुलीचा, म्हणजे नात्याने सावत्र लेकीचा. ही मुलगी शिकलेली, समाजकार्यात पडलेली. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली, आणि ही निवड मला साऱ्या चित्रपटातील अत्यंत अर्थपूर्ण मांडणी वाटते. रँग्लर परांजप्यांची ही कन्या स्वतः इंग्लंडात शिकून आलेली होती. संततिनियमनाच्या कामात र. धों. कर्व्यांच्या विचाराशी तिचे नाते होते आणि पुढे तिने हेच काम आयुष्यभर केले, राज्यसभेतही त्याचा आग्रह धरला. पुण्याच्या प्रेक्षकाला पडद्यावर दिसत होती ती नुसती एक नटी नव्हे, तर गावातली एक खरीखुरी बंडखोर बाई. तिचा अभिनय बेताचा आहे हे खरे. तिला अभिनयाची गरजही नव्हती.

शांता आपटे यांच्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. त्यांचा राग हा मराठी पडद्यावरचा पहिला अस्सल राग असावा. रडवेली नायिका आपण ‘शारदा’पासून पाहत होतो. चिडलेली, तोंड वर करून बोलणारी, अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला वठणीवर आणणारी नायिका नवी होती. दोनच वर्षांनी, १९३९ साली, करारावरून मतभेद झाला तेव्हा याच शांता आपटे प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. नीरेची भूमिका त्यांनी केवळ पाठ केलेली नव्हती.

आता शेवटाकडे येऊ, म्हणजे कुंकवाकडे.

‘कुंकू’ हे नाव मराठीत जे सांगते ते दुसऱ्या भाषेत जात नाही. आपल्याकडे कुंकू म्हणजे बाईच्या कपाळावरचा ठिपका, आणि कुंकू म्हणजे नवराही. ‘कुंकवाचा धनी’ असे आपण म्हणतो. ‘कुंकू पुसले’ म्हणजे काय झाले हे मुलालाही कळते. एकाच वेळी हिंदीत चित्रित झालेल्या आवृत्तीचे नाव म्हणूनच वेगळे ठेवावे लागले : ‘दुनिया न माने’. हिंदी नावात भांडण नीरेचे आणि जगाचे आहे. मराठी नावात भांडण नीरेचे आणि तिच्याच कपाळाचे आहे. कथा तीच, मांडणी तीच, पण दोन नावांनी प्रेक्षकाचे लक्ष दोन ठिकाणी नेले.

काकासाहेबांचे मन पालटते. ते स्वतःच्या हाताने नीरेचे कुंकू पुसतात, तिला मुलीप्रमाणे मानतात आणि पुढे आत्महत्या करतात. मागे तिच्यासाठी पत्र ठेवतात की तिने योग्य माणसाशी विवाह करावा. या शेवटावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला, तो अतिनाट्यमय आहे. दुसरा, अधिक गंभीर : नीरा स्वतःच्या बळावर सुटत नाही, म्हातारा तिला सोडतो. चित्रपटभर जिने नकार दिला तिचे स्वातंत्र्य अखेर नवऱ्याच्या औदार्याची देणगी ठरते, आणि सहानुभूती त्याच्याकडे वळते. दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. परंतु तो घेताना आपण आजच्या कायद्याच्या जमिनीवर उभे असतो, हे विसरू नये.

१९३७ साली मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता. पारशी, ख्रिस्ती, मुसलमान यांना आपापल्या कायद्यांनी कमी-अधिक वाट होती. ज्या जातींच्या रूढीत काडीमोड होता त्यांनाही होती. ब्राह्मणी वळणाच्या हिंदू घरातील बाईला नव्हती. विवाह हा संस्कार, आणि संस्कार मोडत नाही. नवऱ्याला दुसरी बायको करता येत होती, बायकोला बाहेर पडता येत नव्हते. याउलट विधवेला १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाचा हक्क होता. ही विसंगती क्षणभर डोळ्यांपुढे धरावी : पत्नी म्हणून जी कायमची बांधलेली, ती विधवा होताच कायद्याने मोकळी. काकासाहेब वकील आहेत. नीरेला सोडवायचे ठरविल्यावर त्यांच्यापुढे कोणते मार्ग आहेत? तिला माहेरी पाठवावे, तर माहेर नाही. तिला वेगळे राहू द्यावे, तर ती आयुष्यभर त्यांची पत्नीच. तिचे दुसरे लग्न लावून द्यावे, तर तो गुन्हा. तिच्या कपाळावरचे कुंकू काढण्याचा कायद्याने मान्य केलेला एकच उपाय होता, आणि तो त्यांनी केला. असे पाहिले म्हणजे कुंकू पुसण्याचे ते दृश्य नुसते भावनिक राहत नाही. एक कायदेपंडित आपल्या अशिलाला उपलब्ध असलेली एकमेव पळवाट दाखवीत आहे, आणि ती त्याच्या प्रेतावरून जाते. लेखक-दिग्दर्शकांनी हे इतक्या स्पष्टपणे योजले असेल असा माझा आग्रह नाही. पण वकील हा पेशा त्यांनी निवडला आहे, आणि पत्रात पुनर्विवाहाचा उल्लेख केला आहे.

याच ठिकाणी मला बडोदे आठवते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात बालविवाहाला कायद्याने आळा १९०४ सालीच बसला होता, आणि १९३१ साली तेथे हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. म्हणजे ‘कुंकू’ पडद्यावर आला तेव्हा बडोदे संस्थानात हिंदू बाईला न्यायालयाचे दार सहा वर्षे उघडे होते. मुंबई इलाख्यात ते उघडायला १९४७ साल उजाडावे लागले आणि देशभर हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली. नुसते वयातले अंतर बडोद्याच्या न्यायालयात कारण म्हणून पुरे पडले असते असे मी म्हणत नाही, बहुधा नसतेच पडले. तरी एवढे खरे की बडोद्यातल्या काकासाहेबांना विवाह संपविण्याचा दुसरा मार्ग निदान विचारात तरी घेता आला असता. पुण्यातील काकासाहेबांपुढे घड्याळ थांबविणे एवढेच होते. महाराष्ट्रात लिहिल्या जाणाऱ्या ‘कुंकू’वरील लेखांत हा फरक सहसा येत नाही. संस्थानी मराठी मुलखाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाची तळटीप म्हणून वाचण्याची जी सवय लागली आहे, तिचा हा परिणाम असावा.

मावशीआजीला मी या कायद्याविषयी विचारले होते. तिला तो माहीत होता. कचेरीतून आलेल्या नवऱ्यानेच तो तिला वाचून दाखविला होता, लग्नानंतर दोनेक वर्षांनी, एका रविवारी. का वाचून दाखविला हे तिने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते १९५२ साली गेले. तिने पुन्हा लग्न केले नाही. घरात शिवणाचे वर्ग काढले आणि ते पंचवीस वर्षे चालविले.

कॅसेट संपली तेव्हा मी तिला विचारले, नीरेने पुढे लग्न केले असेल असे वाटते का तुला? चित्रपट ते दाखवीत नाही. तिने थोडा विचार केला.

“पत्र तिच्या नावाने होतं ना?” ती म्हणाली. “मग ते तिने पेटीत ठेवलं असेल.” आणि उठून तिने दिवा लावला.